‘वाचायचे’ नावाचा फोल्डर

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. डिझर्टेशनचा विषय ठरला होता, सिनॉप्सिस द्यायचा होता आणि पहिला परिच्छेद काही केल्या कागदावर उतरत नव्हता. पडद्यावर एक फोल्डर उघडा होता. नाव ‘वाचायचे’. आत ६४० पीडीएफ. बहुतेकांना धड नावंही नव्हती. डाउनलोड होताना चिकटलेले लांबलचक आकडे तसेच राहिले होते. ‘‘मॅडम, रोज चार वाचते आणि दहा उतरवते,’’ ती म्हणाली. ‘‘असं कधी लिटरेचर पूर्ण होणार?’’

होणार नाही, असं मला लगेच सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण त्याने तिचं काही भलं झालं नसतं. तिने विचारला तो आकड्यांचा प्रश्न, मनात होता तो अपराधीपणा. जीवशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, हा अपराधीपणा पिपेटच्या स्टँडइतका नेहमीचा. गाइड विचारतात, ‘‘लेटेस्ट पेपर बघितलास का?’’ आणि समोरच्याची मान खाली जाते. या खाली गेलेल्या मानेबद्दल मला भांडायचं आहे. विद्यार्थी ज्याची लाज बाळगतात त्यात लाज वाटण्यासारखं फारसं नाही, आणि जिथे खरोखर चुकतं तिथे कुणाची मान खाली जात नाही.

आधी हिशेब. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘पबमेड’ सूचीत आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि वर्षाला १० लाखांहून अधिक नव्या पडतात. म्हणजे मिनिटाला जवळजवळ दोन. एक शोधनिबंध नीट वाचायला, आकृत्या, पद्धती आणि पुरवणी धरून, दोन तास लागतात असं समजा; तेवढ्यात दोनशेहून जास्त नवे येऊन पडलेले असतात. चहाला खाली उतरून परत आलात तरी तीस-चाळीस. यातला शंभरात एकच आपल्या कामाचा, असं म्हटलं तरी दिवसाला सत्तावीस होतात, रविवार-दिवाळी धरून. हे गणित एकदा फळ्यावर मांडलं की ‘लिटरेचरबरोबर राहणं’ हा शब्दप्रयोगच विनोदी वाटायला लागतो. तरीही तो सिनॉप्सिसच्या मुलाखतीत गंभीर चेहऱ्याने वापरला जातो.

आणि हा पूर इंटरनेटने आणला असंही नाही. लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. तिथपासूनची वाढ मोजून डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, की विज्ञानाचं लेखन साधारण पंधरा वर्षांत दुप्पट होत आलं आहे. म्हणजे प्रत्येक पिढीला वाटलं की धरण आपल्याच डोक्यावर फुटलं. जॉन शॉ बिलिंग्ज यांना १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची काढावी लागली ती उगीच नाही.

मी विद्यार्थिनी होते तेव्हा ग्रंथालयात दर आठवड्याला ‘करंट कंटेंट्स’ यायचं. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांच्या संस्थेचं ते प्रकाशन. हातात सहज मावेल एवढं, आणि आत जगभरच्या नियतकालिकांच्या नुसत्या अनुक्रमणिका. मागे लेखकांचे पत्ते. हवा तो निबंध सापडला की छापील कार्डावर त्याचं नाव भरायचं, कृपया एक प्रत पाठवावी म्हणून सही करायची आणि हवाई टपालाचं तिकीट लावून कार्ड पेटीत टाकायचं. दीड-दोन महिन्यांनी एखाद्या दिवशी जर्मनीहून किंवा जपानहून पाकीट यायचं. पाकिटावरचं तिकीट कुणी घ्यायचं यावरून प्रयोगशाळेत वाद, कारण प्रत्येकाचा एखादा भाचा तिकिटं जमवणारा. आतला निबंध मात्र संदर्भसूचीच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जायचा.

त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. नियतकालिकं बोटीने यायची, शिळी होऊन यायची, आणि तालुक्याच्या गावच्या कॉलेजात तीही यायची नाहीत. आज सरकारी संस्थेतल्या मुलाला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं उघडता येतात, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी केंद्र सरकारने त्यावर ६,००० कोटी रुपये मंजूर केले. दारं उघडली हे चांगलंच झालं. पण तिकिटाबरोबर एक गोष्ट गेली. कार्ड पाठवण्याआधी स्वतःला विचारावं लागायचं, हा मला कशासाठी हवा? डाउनलोडचं बटण असं काही विचारत नाही. आणि कारण नसताना उतरवलेला निबंध वाचायलाही पुढे कारण सापडत नाही. तो ‘वाचायचे’मध्ये जाऊन बसतो. घरात लोणच्याच्या रिकाम्या बरण्या साठतात ना, कधीतरी लागतील म्हणून, तसा.

माझ्या मते गोंधळाचं मूळ आणखी खाली आहे. शोधनिबंध म्हणजे माहितीची पुडी, असं आपली शिक्षणपद्धती न सांगता शिकवते. पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या मुलांचं तसं होणं साहजिक आहे. पुस्तकात क्रेब्ज चक्र छापलेलं असतं, ते पाठ करायचं आणि परीक्षेत काढायचं. निबंधाची जात वेगळी. तो कुणाला तरी उत्तर देत असतो. आपल्याकडच्या शास्त्रकारांची एक रीत होती: आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याच जोराने मांडायचं, आणि मग उत्तरपक्ष. जीवशास्त्राच्या निबंधात हा पूर्वपक्ष प्रस्तावनेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात, दोन-चार गुळगुळीत वाक्यांखाली दडपलेला असतो. तो ओळखता आला नाही तर निबंध वाचणं म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण भिंतीआडून ऐकणं. आवाज येतात, शब्दही कळतात, पण कोण कुणावर आणि कशापायी चिडलंय याचा पत्ता लागत नाही. अशी ६४० भांडणं ऐकली तरी कानात काही राहत नाही.

म्हणून मी त्या मुलीला नवं काही उतरवू नकोस म्हटलं आणि एक जुना निबंध वाचायला दिला. १९५९ सालचा, ‘नेचर’मधला, दोन पानांतच संपणारा. लेखक एकच: कलकत्त्याचे शंभुनाथ डे.

या निबंधामागचं भांडण असं. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांच्या आतड्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला आणि हा जंतू काहीतरी विष सोडत असावा असा तर्क केला. पुढे सत्तरेक वर्षं लोक ते विष शोधत राहिले. जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांना टोचायचा, प्राणी आजारी पडायचे, मरायचेही, पण पटकीसारखं काही घडायचं नाही. हळूहळू मत स्थिरावलं, की विष जंतूच्या अंगातच असतं आणि जंतू फुटल्यावर बाहेर पडतं. डे यांनी ढोबळ वाटेल असा एक प्रश्न विचारला: रोग आतड्याचा, मग विष रक्तात का शोधायचं? त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून बंद केला आणि जंतू वाढवलेला द्रव त्यात सोडला. १९५९च्या निबंधात तर जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी वापरलं. आतड्याचा तो वेटोळा द्रवाने फुगला. जंतू हजर नसतानाही काम झालं, म्हणजे विष जंतूंनी आधीच बाहेर टाकलेलं होतं. पटकीत माणूस का सुकून मरतो आणि पाणी-मीठ देऊन का वाचतो, याची पुढची सगळी समज या वेटोळ्यावर उभी आहे.

आणि तरी निबंध छापून आल्यावर बरीच वर्षं त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरच्या परिसंवादाला डे यांना बोलावलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. १९८५ साली ते गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचा सविस्तर माग काढणारा लेख आला तो ‘करंट कंटेंट्स’मध्ये, खुद्द गारफिल्ड यांचा. आता कल्पना करा, १९५९ साली एखादा अतिशय मेहनती विद्यार्थी होता, जो दर आठवड्याचं सगळं ताजं चाळत होता. त्याच्या डोळ्यांखालून हा निबंध गेलाही असेल. गेला, एवढंच. ताजेपणा हा भाजीचा गुण आहे. निबंधाचा असेलच असं नाही.

‘‘पण मॅडम, आमच्याकडे जुने संदर्भ चालत नाहीत, पाच वर्षांच्या आतले लागतात,’’ असं मुलं सांगतात, आणि काही ठिकाणी असा नियम खरंच आहे. ज्याने तो केला त्याने उत्क्रांती शिकवताना डार्विनचं काय केलं असेल, असा प्रश्न मला पडतो.

नव्याचं उदाहरणही बघू, म्हणजे एकतर्फी होणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये नासाने पत्रकार परिषद घेतली. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरात एक जंतू सापडला होता, जो म्हणे वाढण्यासाठी फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएतसुद्धा. निबंध ‘सायन्स’मध्ये. त्या आठवड्यात ज्याने सारांश वाचला तो ‘लेटेस्ट’ होता, कॅंटीनमध्ये भाव खाऊन गेला असेल. कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांनी मात्र पद्धतींचा भाग वाचला. जंतू ज्या द्रवात वाढवला त्यात फॉस्फेट अजिबात नव्हतं असं नाही. क्षारांबरोबर आलेलं थोडंसं होतं, आणि त्याची नोंद निबंधातच होती. तेवढं फॉस्फेट काटकसरी जंतूला पुरेसं. डीएनए पुरेसा धुतला-शुद्ध केला नव्हता, तेव्हा आर्सेनिक त्याच्या आत होतं की नुसतं चिकटलेलं, हे कळायला मार्ग नव्हता. हे सगळं त्यांनी काही दिवसांत जाहीरपणे लिहिलं. २०१२ साली त्यांच्या आणि आणखी एका गटाच्या प्रयोगांनी मूळ दावा टिकत नाही हे दाखवलं, आणि ‘सायन्स’ने तो निबंध मागे घ्यायला २०२५चा जुलै उजाडला. लेखकांना ते मान्य नाही, तेही नमूद करते.

यात रेडफील्ड यांनी काय जास्त वाचलं होतं? दहा निबंध जास्त नव्हे. तोच एक, दोन पानं पुढे. माध्यमात फॉस्फेट किती, हा प्रश्न आपला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगाही विचारू शकतो. तेवढा सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यासक्रम त्याने केलेला असतो. पण तो विचारत नाही. त्याला वाटतं, ‘सायन्स’ने छापलंय म्हणजे हे कुणीतरी पाहिलंच असणार.

आता या ढिगावर नवा उतारा निघाला आहे. पीडीएफ यंत्राला द्यायची, ते दहा ओळींत सार काढून देतं. मी याच्या विरोधात नाही. ६४० पैकी ६०० टाकून द्यायला ते उपयोगी पडेल. पण सार म्हणजे लेखक काय म्हणतात ते. शिकायचं असतं ते लेखकांना हे कशावरून कळलं, आणि ती वाट सारातून पहिल्यांदा गळते. आर्सेनिकच्या निबंधाचा सारांश अगदी बिनचूक काढला असता तर त्यात आर्सेनिक आलं असतं, माध्यमातलं चिमूटभर फॉस्फेट आलं नसतं.

दुसरीही एक गोष्ट या मुलांना कुणी सांगत नाही. त्या ढिगातलं बरंचसं वाचलं जावं म्हणून लिहिलेलंच नाही. ते मोजलं जावं म्हणून लिहिलेलं आहे. इथे पुन्हा गारफिल्ड. ज्या माणसाने वाचकांसाठी अनुक्रमणिका छापल्या, त्यानेच कुणी कुणाचा संदर्भ दिला याची सूची १९६०च्या दशकात उभी केली. हेतू स्वच्छ होता: एका निबंधापासून पुढे कोण कुठे गेलं याचा माग काढता यावा. डे यांच्या कामाचा माग त्यांनी असाच काढला. पण त्याच सूचीतून इम्पॅक्ट फॅक्टर आला, आणि शोधायच्या साधनाचं तोलायचं माप झालं. मग बढतीला निबंध, नेमणुकीला निबंध, पीएचडी जमा करायला निबंध. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीसाठीची निबंध छापण्याची सक्ती २०२२ साली काढली, पण तोवर दुकानं थाटून झाली होती. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्य यादीची झडती घेतली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या हजारावर नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक त्यांना कमी दर्जाची आढळली. हे फक्त आपल्याकडेच घडतं अशा समजुतीत राहायचं कारण नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले आणि त्यातले आठ हजारांवर ‘हिंदावी’ या एकाच प्रकाशनाचे होते.

लेखकालाच जे कुणी वाचावं असं वाटत नव्हतं, ते आपण वाचलं नाही म्हणून एका बावीस वर्षांच्या मुलीने रात्री जागून कुढावं, हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो.

मग लाज कशाची वाटावी? जर्नल क्लबमध्ये बसा, कळेल. विल्यम ऑस्लर यांनी १८७५च्या सुमारास मॉन्ट्रियलला जर्नल क्लब काढला तो वर्गणीसाठी: एकट्याला न परवडणारी नियतकालिकं चार जणांनी मिळून घ्यायची. आपल्याकडे वर्गणीवर गणपती बसतो तसंच म्हणा. आजचा जर्नल क्लब बहुतेक ठिकाणी विधी झाला आहे. शुक्रवारी चार वाजता, समोसे, सात आकृत्यांच्या चाळीस स्लाइड. विद्यार्थी आकृतीखालची इंग्रजी ओळ वाचतो, लेसरचा ठिपका फिरवतो, पुढची स्लाइड. ‘‘अँड हिअर दे हॅव शोन दॅट द जीन इज अपरेग्युलेटेड.’’ सगळे माना हलवतात. मीही हलवल्या आहेत, खूप वर्षं.

एकदा प्रोजेक्टर बिघडला. सादर करणारा मुलगा लातूरकडचा होता, मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजीच्या धास्तीने वाक्यं पाठ करून आलेला. मी म्हटलं, फळ्यावर एकच आकृती काढ आणि मराठीत सांग. त्याने सुरुवात केली, ‘‘या जीनचं... वाढलं.’’ काय वाढलं? एमआरएनए की प्रथिन? ‘‘एमआरएनए.’’ कशाच्या मानाने? किती वेळाने? मोजलं कशाने? इंग्रजीत ‘अपरेग्युलेटेड’ म्हणून टाकलं की हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाच्या चादरीखाली झोपून राहतात. मराठीत तसा तयार शब्द हाताशी नसतो, म्हणून वाक्य पूर्ण करावं लागतं, आणि पूर्ण करताना कळतं की आपल्याला माहीत नाही. मग खाली लिहिलेलं ‘एन बरोबर तीन’. तीन काय? तीन उंदीर, की एकाच उंदराच्या यकृताचे तीन तुकडे? तीन वेगवेगळ्या दिवशी केलेले प्रयोग, की एका ताटलीतले तीन खळगे? खोलीतल्या अकरा माणसांपैकी कुणालाच सांगता येईना, आणि निबंध त्यातल्या निम्म्यांनी ‘वाचलेला’ होता. त्या दिवशी एका आकृतीला दीड तास लागला. समोसे गार झाले.

तेव्हापासून माझं मत झालं आहे की मराठी माध्यम ही या मुलांची अडचण जेवढी सांगितली जाते तेवढी नाही. वाचण्याच्या एका टप्प्यावर ती चक्क हत्यार आहे. लिहा इंग्रजीत, छापा इंग्रजीत, पण समजलं का हे तपासायचं तर आपल्या भाषेत बोलून बघा. ‘सजेस्ट्स’, ‘इज कन्सिस्टंट विथ’, ‘डेमॉन्स्ट्रेट्स’ या तिन्हींना वर्तमानपत्रात ‘सिद्ध केलं’ म्हणतात, आणि विद्यार्थीही तेच करतो. ‘असं असू शकेल’, ‘याच्याशी विसंगत नाही’, ‘दाखवून दिलं’ असे वेगवेगळे शब्द एकदा वापरायला लागला, की लेखक कुठे ठाम आहे आणि कुठे पाय चाचपत टाकतोय ते ऐकू यायला लागतं. न कळलेल्या आकृतीपुढे मान हलवणं, त्याची लाज वाटावी. न वाचलेल्या ढिगाची नको.

माझ्या म्हणण्याला एक जोरदार पूर्वपक्ष आहे आणि तो न मांडणं लबाडीचं होईल. थोडं वाचा, खोल वाचा, हे ठीक. पण मग आपण आपल्याच विहिरीत राहणार नाही का? शिकागोचे डॉन स्वॉन्सन डॉक्टर नव्हते, ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक होते. १९८६ साली त्यांनी दोन वेगळ्या ढिगांकडे पाहिलं. एका ढिगात लिहिलं होतं की माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि बिंबिकांचं चिकटणं कमी होतं. दुसऱ्यात रेनॉड या विकाराबद्दल होतं, ज्यात थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात, आणि त्या रुग्णांच्या रक्तात नेमका दाटपणा वाढलेला आढळतो. दोन्ही ढीग छापलेले, सर्वांना खुले, आणि एकमेकांचं नाव न घेणारे. स्वॉन्सन यांनी कागदावरच दोन टोकं जोडली. नंतर एका लहान चाचणीत त्याला काहीसा दुजोराही मिळाला. म्हणजे उत्तर ग्रंथालयात पडून होतं, फक्त एकाच माणसाने दोन्ही कपाटं उघडलेली नव्हती. वारीत आपल्या दिंडीबरोबर चालावं हे खरं, पण पुढच्या दिंडीत काय चाललंय ते कानावर आलंच नाही तर वारी कसली?

मला याचं उत्तर फ्रान्सिस्को मोहिका यांच्या गोष्टीत सापडतं. स्पेनमधल्या अलिकान्तेजवळ सांता पोला इथे मिठागरं आहेत. आपल्याकडे उरणला किंवा वसईला ज्याने मिठागरं पाहिली आहेत त्याला तो खारा उग्र वास आणि गुलाबी पडलेलं पाणी वेगळं सांगायला नको. तिथल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवावर मोहिका पीएचडी करत होते, आणि त्याच्या डीएनएत त्यांना एक विचित्र नक्षी दिसली: सुमारे तीस अक्षरांचा तोच तुकडा, मध्ये अंतर, पुन्हा तोच तुकडा. आपला प्रयोग बिघडला असं आधी वाटलं. मग ते ग्रंथालयात गेले. तिथे जपानच्या इशिनो आणि सहकाऱ्यांचा १९८७ सालचा निबंध मिळाला, विषय ई. कोलायमधलं एक जनुक, आणि जाता जाता नोंद, की शेजारी अशी पुनरावृत्ती दिसते, कशासाठी ते ठाऊक नाही. मिठागरातला जीव आणि आपल्या आतड्यातला जंतू, नात्याने इतके लांबचे, आणि दोघांत तीच नक्षी. मोहिका पुढची दहा वर्षं तिच्या मागे राहिले. मधल्या जागेतले तुकडे विषाणूंचे आहेत हे त्यांना २००३ साली दिसलं, निबंध नामांकित नियतकालिकांनी परत पाठवला, तो अखेर २००५ साली छापून आला. क्रिस्पर म्हणून आज जे सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि ज्यातून निघालेल्या जनुक-संपादनाच्या तंत्रासाठी शार्पेंटिये आणि डाउडना यांना २०२० साली नोबेल मिळालं, त्याची ही सुरुवात.

इशिनोंची ती नोंद त्यांच्या निबंधाच्या शेपटाला होती. ‘लेटेस्ट’ वाचणाऱ्याच्या ती कामाची नव्हती, ई. कोलायवर काम करणाऱ्या शेकडोंनी ती वाचून सोडून दिली असेल. मोहिका परक्या कपाटापर्यंत पोचले ते सगळी कपाटं उघडायची असं ठरवून नव्हे. त्यांच्या हातात एक नक्षी होती आणि ती घेऊन ते दारोदार फिरत होते. हातात असं काही असलं की माणूस परक्या गल्लीतही रिकामा फिरत नाही. नसलं तर स्वतःच्या गल्लीतही त्याला काही दिसत नाही. स्वॉन्सन यांचंही तसंच: त्यांनी सगळं वाचलं नव्हतं, ते जोड शोधत होते.

पीएचडी करणाऱ्याला एक धास्ती वेगळी असते: आपलं काम आधीच कुणी छापलं तर? ती रास्त आहे. त्यासाठी आपल्या अरुंद प्रश्नापुरती पबमेडची सूचना लावून ठेवावी, आपल्या मुख्य चार-पाच निबंधांचा पुढे कुणी संदर्भ दिला ते महिन्यातून एकदा पाहावं, त्या क्षेत्रातला एक चांगला रिव्ह्यू जवळ ठेवावा. ही पहारेदारी झाली, अर्ध्या तासाचं काम. तिला वाचन म्हणू नये, आणि वाचनाच्या वेळेत ती करू नये.

ती मुलगी दहा दिवसांनी परत आली. डे यांच्या निबंधाची छापील प्रत, समासात पेन्सिलीने खुणा. सिनॉप्सिस अजून झालेला नव्हता. फोल्डरचं काय झालं ते मी विचारलं नाही. तिचा एकच प्रश्न होता: ‘‘मॅडम, शीर्षकातच म्हटलंय की गाळलेल्या द्रवात जंतू नव्हते. पण नव्हते हे त्यांनी कशावरून ठरवलं?’’

मी हा निबंध वीसेक वर्षं वर्गात सांगत आले आहे. ससा सांगते, बांधलेला वेटोळा फळ्यावर काढते, फुगलेला दाखवते. मी तिच्या हातातली प्रत घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या परिच्छेदापासून वाचायला लागले.